लूमवर बदली कोण?

आमच्या घरात नाटकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न माझा असतो, बदली कोण? नाटक कुठलं, कुठं, पाहुणे कोण, हार कुणाला, ते सगळं मागनं. आधी बदलीचं सांगा. ह्यांना ते आवडत नाही. म्हणतात, "शुभ बोल की जरा." मी म्हणते, शुभ बोलून लूम चालत असते तर मी दिवसभर आरत्याच म्हटल्या असत्या.

बाहेरच्या माणसाला हे नीट सांगायला पाहिजे. आमचे हे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, आत लुमांच्या रांगा, एकेका विणकराकडे चार लूम. तिथली रीत अशी, की ज्याला रजा हवी त्यानं आपल्या जागी दुसरा विणकर आणून उभा करायचा. त्याला बदली म्हणतात. बदली दिला तर परत आल्यावर लूम तुमचे. दिला नाही आणि लूम उभे राहिले, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या जागेवर दुसराच कोणीतरी दिसतो. मालक काही राक्षस नाही. त्याला माल द्यायचा असतो आणि आम्हाला चूल पेटवायची असते. पण माणसाला ताप आला तरी आधी बदली शोधायचा आणि मग डॉक्टर, अशी आमच्याकडची तऱ्हा.

मी त्याच शेडमध्ये कोपऱ्यात कांड्या भरायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात, दोरा घेऊन इकडनं तिकडं पळणाऱ्या लाकडी होडीत, बसते ती सुताची नळी. मी भरायची आणि ह्यांनी संपवायची. संसारही तसाच चाललाय.

ह्यांना नाटकाचं वेड लग्नाआधीपासूनचं. बघायला आले तेव्हा सांगितलं नव्हतं, नाहीतर मी विचार केला असता. गल्लीतल्या विणकरांचाच एक संच आहे आणि महापालिकेच्या शाळेतले एक मास्तर तो चालवतात. पाळी सुटली की समाजमंदिरात तालीम. बायका मला चिडवायच्या, "तुझा हिरो कुटं हाय गं?" मी सांगायची, हिरो दळण आणायला गेलाय. खोटं कशाला सांगू, ह्यांचं काम बघून माझ्या अंगावर काटा यायचा. पण काटा उतरायच्या आत मनात यायचं, की उद्या शेडमध्ये काय होणार.

मागच्या वर्षी ह्यांनी स्वतःच एक एकपात्री रचलं. एका विणकराचा जुना लूम भंगारात निघालाय. टेम्पो दारात उभा आहे. आणि हा माणूस त्या लूमची लेकीसारखी पाठवणी करतोय. त्याला कुंकू लावतो, तेल घालतो, भंगारवाल्याला व्याही म्हणून दम देतो, "आमच्या पोरीला रात्रीची खोकायची सवय हाय, सांभाळून घ्या." आमच्याकडे किती जणांचे लूम असे किलोवर गेले, ते गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हसू यायचं आणि मध्येच विरायचं.

हे सगळं त्यांनी रचलं लूमवर उभं राहून. लूम चालू असताना शेडमध्ये आवाज काढून बोलण्यात अर्थ नसतो, नुसता घसा फाटतो. आम्ही ओठांनी बोलतो. तोंड मोठं उघडायचं, शब्द तोडून तोडून म्हणायचा, आणि जोडीला हाताच्या खुणा. बोटांची कात्री केली की सुताची तार तुटली. डोक्यावर टोपी चढवली की मालक आले. आम्हाला त्यात सगळं बोलता येतं, भांडताही येतं. मी कोपऱ्यातनं ह्यांचे ओठ बघायची आणि मला कळायचं, आज व्याह्याचं वाक्य बदललं, आज शेवट नवा केला. तालमीला जायला मला सवड नव्हती. संध्याकाळी घरी स्वयंपाक कोण करणार? त्यामुळे ते सगळं मी पाहिलेलं होतं, पण आवाजात एकदाही ऐकलं नव्हतं.

मग पुण्याच्या एका संस्थेचं निघालं. कष्टकरी कलाकारांना आधार द्यायचा, हे त्यांचं काम. मास्तरांनी ह्यांचं नाव कळवलं होतं. निवड झाली तर सहा महिने पुण्यात राहायचं, शिकायचं, नाटक बसवायचं, आणि घरी महिन्याला खर्चापुरतं येत राहणार. तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा ह्यांनी स्पीकर लावला. बाईंचा आवाज लई गोड. म्हणाल्या, "आम्ही स्वतः बघायला येतोय. तुम्ही फक्त कलेचा विचार करा, बाकी कशाची काळजी करू नका." मी मागनं म्हटलं, बदली देणार का विचारा. ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे असे डोळे केले, की जणू मी पाहुण्यांपुढं शिंकले.

ते लोक येणार होते कामाच्या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, दुपारी. गल्लीतला एक जुना विणकर आता रिक्षा चालवतो, त्याला बदली ठरवला. त्यानं आईची शपथ घेतली. मी म्हटलं, आईला कशाला मध्ये घेता, वेळेवर या म्हणजे झालं. आणि त्या दिवशी सकाळी तो आलाच नाही. मी धावत त्याच्या घरी गेले, तर त्याची बायको दारात भांडी घासत बसलेली. "अक्कलकोटचं भाडं लागलं वैनी, पहाटेच गेलेत की." त्यालाही पोट आहे, मान्य. पण तेव्हा मी त्याच्या पोटाचा विचार केला नाही. तोंडाला येईल ते बोलले. निम्मं माहेरच्या तेलुगूत बोलले हे बरं झालं, तिला सगळं कळलं नाही.

शेडमध्ये परत आले तर हे लूमवर होते. मी मान हलवली. ह्यांनी बघितलं, आणि ओठांनी म्हणाले, "राहू दे. न्हाय तर न्हाय."

राहू दे म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. इतकी वर्षं घरी उशिरा आलात, सणाला तालमी केल्यात, पोरीच्या बारशाला दाढी लावून आलात, ते सगळं राहू देण्यासाठी? मी पदर कमरेला खोचला, खुंटीवरचा ह्यांचा जुना सदरा साडीवर चढवला आणि त्यांच्या दोन लुमांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. लूम मला नवा नव्हता. माझे नायना, म्हणजे वडील, जेवायला बसायचे तेव्हा त्यांच्या लूमवर मीच उभी असायची. पण ते घरचं झालं. आमच्या शेडमध्ये बाई लूमवर, हे कुणी पाहिलं नव्हतं. मालक सूत बघायला बाजारात गेले होते, तेवढंच नशीब. ह्यांनी चारी बाजूला बघितलं. मी म्हटलं, "जावा आता. मी हाय."

ते गेले आणि माझ्या जिवाला जो घोर लागला, तो काय सांगू. घरच्या लूमवर एक लक्ष पुरतं, इथं चार. एकीकडे कांडी संपते, तोवर दुसरीकडे तार तुटते, तिसऱ्याकडे बघायला जावं तर मागचा लूम आवाज बदलतो. बोटं आठवत होती, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. मालक आत्ता आले तर? टॉवेलच्या काठात चूक राहिली तर तो टॉवेल ह्यांच्या नावावर जाणार. आणि तिकडं काय चाललं असेल? ह्यांना वाक्यं आठवतायत का? सदरा इस्त्रीचा घातला का? पाणी प्यायले का? फोन माझ्या कमरेला होता, पण लुमांच्या आवाजात तो वाजला काय आणि नाही काय. माझ्या जागेवर कांड्या भरायला शेजारची अक्का बसली होती. ती मधनंमधनं माझ्याकडे बघून हात जोडायची आणि वर दाखवायची, देवावर सोड म्हणून. तिला म्हणावंसं वाटलं, देवाला चार लूम देऊन बघ.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर हे दारात दिसले. चेहरा असा फुललेला, की मी लूमवरचे हात काढून घेतले. त्यांनी दारातनंच ओठांनी सांगायला सुरुवात केली. लोक हसले. मग रडले. व्याह्याच्या वाक्याला तर टाळ्या. जुने विणकर पुढं येऊन मिठी मारून गेले. शेडमधले सगळे माना वळवून बघत होते. मला एवढं बरं वाटलं, की सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. ह्यांनी लूम परत घेतले आणि मी माझ्या कांड्यांकडे गेले. थोड्या वेळानं मालक आले, दाराजवळच्या टेबलावर बसले. काही कळलं नाही त्यांना. सुटले बाई एकदाची, म्हटलं.

तेवढ्यात मास्तर आले. स्कूटर बाहेर लावून दारात उभे, आणि मला हातवारे. मास्तर भरभर बोलतात, त्यांचे ओठ कुणालाच वाचता येत नाहीत. घामानं भिजलेले. मी बाहेर गल्लीत गेले. मास्तर म्हणाले, "वहिनी, आवाजच आला नाही."

मी म्हटलं, कुणाचा?

मग त्यांनी सांगितलं. समाजमंदिराचंही छप्पर पत्र्याचंच. पाहुण्यांना उकडू नये म्हणून आमच्यातल्याच कुणीतरी मांडववाल्याचा मोठा कूलर आणून ठेवला होता. ह्यांनी नमस्कार केला आणि त्याच वेळी त्या माणसानं कौतुकानं तो कूलर चालू केला. त्याचा असा खडखडाट, की थेट शेडच. आणि आमच्या ह्यांनी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आवाज बंद करून ओठांनी सुरुवात केली. सगळं नाटक लूमवरच्या बोलण्यात केलं. त्यांना कळलंच नाही. कानाला दडे बसलेले असतात आमच्या लोकांच्या, त्या खडखडाटात स्वतःचा आवाज निघतोय की नाही ते कसं कळणार? आणि पाठ केलं होतं तेही लूमवरच, ओठांनी.

"पण मग बाकीच्यांनी थांबवलं का नाही?" मी विचारलं.

"बाकीच्यांना तरी कुठं कळलं?" मास्तर म्हणाले. "सगळे विणकर, रातपाळीचे आणि घरी बसलेले म्हातारे. त्यांना सगळं ऐकू आलं की. हसतायत काय, रडतायत काय. मी बाहेर जेवणाचं बघत होतो. आत आलो तर टाळ्या. आणि पाहुणे तिघं खुर्चीवर नुसते बघतायत. शेवटी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, यात संवाद आहेत असं तुम्ही कळवलं होतं ना?"

मला आधी हसू फुटलं. गल्लीत भिंतीला टेकून पोट धरून हसले. आणि हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. काय लोक आहोत आम्ही! भरलेल्या सभेत एकालाही पत्ता लागू नये?

मास्तर म्हणाले, पाहुणे थांबायला तयार आहेत, परत एकदा करून दाखवा म्हणतायत. पण त्यांची गाडी ठरलेली, उन्हं कलायच्या आत त्यांना निघायचंय. आत्ता यायला पाहिजे.

आता आत जाऊन सांगणार कोण? मीच. हे धोट्यात कांडी घालत होते, अजून गालात हसत होते. मी समोर उभी राहिले आणि ओठांनी सांगितलं, "आवाज आला न्हाय. एकदापण न्हाय. कूलर." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा सांगितलं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. "परत बोलावलंय," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि टेबलाकडे बघितलं. मालक आमच्याकडेच बघत होते.

मालक एकेकाळी स्वतः लूम चालवायचे. त्यांना आमचं सगळं बोलणं कळतं. ते उठून आले आणि ह्यांना ओठांनी विचारलं, "बदली कोण?"

मी माझ्या छातीवर हात ठेवला.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ह्यांच्याकडे वळून बोट दाखवून म्हणाले, "एक जरी लूम उभा राहिला, तर उद्या हितं दुसरा माणूस. मग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाय." ह्यांनी लगेच कांडी परत हातात घेतली. घाबरलेच ते. मीही घाबरले होते. घरी खाणारी तोंडं ह्या चार लुमांवर. पण ती कांडी मी त्यांच्या हातातनं काढून घेतली. "जावा. आणि आधी त्यो कूलर बंद करा म्हणावं." ते हलेनात. मग मी अशी एक शिवी दिली, की पलीकडच्या लूमवरचा म्हातारा दुसरीकडे बघायला लागला. तेव्हा गेले.

सकाळी मालक येतील अशी भीती होती. आता ते माझ्या पाठीमागं खुर्ची टाकून बसले होते. तार तुटली की माझ्या काळजाचा ठोका चुकायचा, आणि त्या दिवशी तारा तुटायला बसल्याच होत्या. मी पाणी प्यायले नाही. कुणाकडे बघितलं नाही. एकदा एक धोटा अडकला आणि लूम थांबला. मालक खुर्चीतनं अर्धे उठले. मी दोनदा ओढला, पण धोटा निघेना. पलीकडच्या म्हाताऱ्यानं आपला लूम तसाच सोडून हात घातला, एक हिसका दिला आणि माझ्याकडे न बघता परत गेला. लूम चालू झाला. मालक बसले.

पाळी सुटेपर्यंत चारी लूम चालू होते. हे आले ते सुटल्यावरच. घसा बसलेला. म्हणाले, कूलर बंद केला, पंखेही बंद केले. लोक घरी गेले होते, समोर नुसते ते तिघं. आवाज निघाला पण तो मोठाच निघाला, ओरडल्यासारखा. बाई म्हणाल्या, जरा हळू. हळू केला तर स्वतःलाच ऐकू येईना. कुणी हसलं नाही. "घालवलं मी," म्हणाले आणि माझ्या पुढं घराकडे चालायला लागले.

नंतरचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. फोन वाजला की दोघंही दचकायचो. हे झोपेतही ओठ हलवायचे. मी चिडायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं.

आणि मग बाईंचा फोन आला, की निवड झाली. म्हणाल्या, आवाज शिकवता येतो, पण आवाजाशिवाय अख्खी सभा रडवणारा माणूस शिकवून होत नाही. ह्यांनी मला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. मी मात्र मटकन खाली बसले. कारण सहा महिने बदली कोण, हा प्रश्न आता खरा झाला होता. दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "सहा महिन्याला बदली नसतोय. सहा महिने म्हणजे नवीन माणूस." मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "ही चालवत असंल तर चालवू दे. पण लूम आता हिचे. परत येऊन माझे म्हणायचं न्हाय."

त्या रात्री हे म्हणाले, नको जायला. परत आल्यावर मी कुठं उभा राहू? मी एवढंच म्हटलं, त्या दिवशी तुमच्या लूमवर मी काही गंमत म्हणून उभी नव्हते. जावा.

आता ते पुण्यात आहेत आणि मी लूमवर. शेडमधल्या दोघातिघांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली, आता त्यांना सवय झालीय. चहाच्या सुट्टीत मी बाहेर येते आणि ह्यांचा फोन येतो. तिथं त्यांना आवाज शिकवतात. पोटातनं कसा काढायचा, हळू बोललेलं शेवटच्या खुर्चीपर्यंत कसं पोचवायचं. म्हणतात, आता जमायला लागलंय.

परवा फोनवर आवाज वेगळाच होता. पुढच्या महिन्यात मोठ्या थेटरात त्याच नाटकाचा प्रयोग आहे. बाईंनी माझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवलीय. येण्याजाण्याचं, राहण्याचं सगळं संस्था बघणार. "तू अजून ऐकलंच न्हायस की," हे म्हणाले. "सगळ्यात आधी तू ऐकायचं."

मी म्हटलं, "येते की. बदली कोण?"

ते म्हणाले, बाईंना विचारतो. मी म्हटलं, बाई काय लूम चालवायला येणार आहेत? दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र मी पाण्याच्या पिंपाआड जाऊन रडले. सगळ्या पुण्याला ऐकू जाणार आणि मी इथं सोलापुरात तारा जोडत बसणार.

तेव्हापासून शोधतेय. शेडमधल्यांना आपापले लूम आहेत. ओळखीतले जे मोकळे होते ते चिंचोळी एमआयडीसीत लागले. रिक्षावाल्याला विचारलं, तो लगेच हो म्हणाला. आईची शपथ घेऊन म्हणाला, म्हणूनच मला झोप नाही.

तुमच्या ओळखीत लूम चालवणारं कोणी असलं तर कळवा. टॉवेलचे लूम आहेत, दिवसपाळी. एका दिवसाचंच काम आहे.